मंजिऱ्या कुठं गेल्या

मागच्या दिवाळीला लेकीनं मला नवा फोन दिला आणि त्यात माझ्या आवडीची जुनी गाणी भरून दिली. फौजेत असताना आमच्या टेन्टमध्ये एक टेपरेकॉर्डर होता आणि मोजक्याच कॅसेट. त्यातली एक माझी, सुट्टी संपवून परत जाताना साताऱ्याच्या स्टँडवर घेतलेली. तिच्यातलं एक गाणं मी इतक्यांदा ऐकलंय की वाद्यांसकट मला ते पाठ आहे. आधी हार्मोनियम. मग बासरी. बासरी संपत आली की तबला धरतो, आणि तबल्याच्या जोडीनं मंजिऱ्या, म्हणजे लहान टाळ, वाजतात. अगदी हलक्या, शेजारच्या खोलीत कुणी वाजवतंय अशा. मग गाणाऱ्या बाईंचा आवाज येतो. मी रिटायर होऊन गावी आलो त्या पावसाळ्यात कॅसेटला बुरशी लागली, आणि त्यानंतर ते गाणं पुन्हा कधी सबंध ऐकायला मिळालं नाही.

फोन घेऊन मी रानात गेलो. आमचं गाव कराडच्या अलीकडं, नदीकाठाला. मोटर चालू केली, पाणी सरीला लावलं आणि बांधावर बसून गाणं लावलं. हार्मोनियम वाजली. बासरी वाजली. तबला आला. मंजिऱ्या आल्याच नाहीत.

मला वाटलं मोटरीच्या आवाजात ऐकू आलं नसेल. लांब जाऊन आंब्याखाली बसलो. परत लावलं. तबला अगदी स्वच्छ, पण एकटाच. घरी आलो, दार लावून ऐकलं. तेच. बायको भाकरी थापत होती. तिला म्हटलं, "ह्या गाण्यातनं मंजिऱ्या गाळल्यात."

"कुणी?"

"काय म्हाईत. कंपनीनं."

"मग दुसरं लावा की," ती म्हणाली.

पण दुसरं लावून भागणार नव्हतं. लेक शिरवळला औषधाच्या कंपनीत काम करते, मालाची तपासणी करायचं तिचं काम. रविवारी घरी आली तेव्हा मी तिला सांगितलं. तिनं गाणं ऐकून बघितलं नाही. गाण्यातलं मला कळतं असं आमच्या घरात सगळे धरून चालतात, त्यामुळे मी म्हणतो म्हणजे मंजिऱ्या नसणारच, असं तिनं मानलं. तिच्याकडं कारणही तयार होतं.

"आबा, फोनमधली गाणी दाबून लहान केलेली असतात. दाबताना बारीक आवाज गळतात."

"गुऱ्हाळात मळी काढत्यात तसं?"

"तसंच काहीतरी. न दाबलेली गाणी पण मिळतात. मोठ्या फायली असतात त्या. मी आणते."

पुढच्या रविवारी तिनं आणली. ती लावली, तरी मंजिऱ्या नाहीत. मग ती म्हणाली की फोनच त्यासाठी बनवलेला नसतो. त्याला बोलणं, फोटो, शंभर कामं. शिवाय ह्या नव्या फोनला इअरफोनची वायर घालायला भोकच नाही. गाणी ऐकायचं वेगळं यंत्र मिळतं, खिशात मावणारं. नुसती गाणी वाजवतं आणि आवाज उत्तम देतं. ते घेऊया.

इथून माझा गोंधळ सुरू झाला. मी फोनवर त्या यंत्रांची माहिती सांगणारे व्हिडिओ बघायला लागलो. एकेक माणूस टेबलावर दहा-दहा यंत्रं मांडून बसलेला. एक म्हणायचा, ह्याचा आवाज उबदार आहे. दुसरा त्याच यंत्राला म्हणायचा, आवाज काळोखा आहे. एकाचा आवाज रुंद, एकाचा खोल, एकाचा कोरडा. मी आयुष्यभर तोफा चालवल्या. नळी उबदार म्हणजे काय ते मला कळतं. आवाज उबदार म्हणजे काय, ते हात लावून बघायची सोय नव्हती. एकाच यंत्राला दोन जाणकार उलटसुलट बोलायचे आणि खाली लोक त्यांच्यावर आणि एकमेकांवर तुटून पडायचे. आठ-पंधरा दिवस मी हेच बघितलं. पहिल्या दिवशी होतो त्यापेक्षा जास्त गोंधळलो.

फौजेतला माझा एक जुना जोडीदार मेढ्याकडचा. तो सिग्नलला होता, वायरी आणि हेडफोन हेच त्याचं आयुष्य. साताऱ्याला फौजी कॅन्टीनमधलं सामान घ्यायच्या दिवशी तो भेटतो. सामान घेऊन आम्ही बाहेर झाडाखाली उभे होतो, तिथं मी विषय काढला. त्यानं लगेच पिशवीतून आपलं यंत्र काढलं. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं.

"वायरीचंच घे गड्या," तो म्हणाला. "बिनवायरीच्या नादाला लागू नगंस. ऐक ह्यावर."

त्याच्याकडं ते गाणं होतं. एकाच काळातली माणसं आम्ही, असणारच. त्यानं इअरफोन माझ्या कानात घातले. हार्मोनियम, बासरी, तबला. बाईंचा आवाज सुरू झाला तसे मी इअरफोन काढले.

"मंजिऱ्या?" मी विचारलं.

त्यानं स्वतःच्या कानाला लावून ऐकलं. "वाजत्यात की."

"कुठं रं?"

"कुठं म्हंजे? तबल्यासंगं. लय भारी वाजत्यात."

मला त्याचा राग आला. स्वतःच्या वस्तूचं कौतुक करायला माणूस काहीही बोलतो, असं मला वाटलं. गाडी सुटायची वेळ झाली म्हणून मी निघालो. घरी येईपर्यंत मनात तेच चाललं होतं. हा खोटं कशाला बोलेल? आणि खरं बोलत असेल तर मग मला का नाही आलं? शेवटी मी स्वतःची समजूत घातली की त्याचे इअरफोन त्याच्या कानाच्या मापाचे, माझ्या कानात नीट बसले नसतील.

लेकीनं ऑनलाइन एक यंत्र मागवलं. चांगलं म्हणून नावाजलेलं. आलं, ऐकलं, परत पाठवलं. कुरिअरवाल्याला परत का करताय ते सांगावं लागतं. मी सांगितलं, मंजिऱ्या वाजत नाहीत. तो फोनवर बोट फिरवत म्हणाला, "काका, मी 'आवडलं नाही' असं टाकतो."

बायकोला मी एकदाच म्हटलं होतं, तू ऐकून बघ. पण फोनवरच्या गाण्याकडं तिचं लक्ष नसतं, आणि कानात काही घातलेलं तिला चालत नाही. किडा गेल्यागत वाटतं, म्हणते. त्यामुळे घरात ऐकून सांगणारं कुणी नव्हतं.

मग लेकीच्या कंपनीतल्या कुणीतरी सांगितलं की सांगलीत एक दुकान आहे, तिथं यंत्रं मांडून ठेवलेली असतात, बसून ऐकून घेता येतात. तिनं एक दिवस रजा टाकली. मी धुतलेले कपडे घातले, ती मोठ्या फायलींचं मेमरी कार्ड घेऊन आली आणि आम्ही दोघं कराडहून इस्लामपूरवरून जाणाऱ्या गाडीनं सांगलीला गेलो. गाडीत मी तिला सांगत होतो की आज काहीही झालं तरी घेऊनच यायचं.

दुकान पेठेतल्या एका माडीवर होतं. मालक पन्नाशीचा, जाडसर, बोलका माणूस. मी काय शोधतोय ते त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"बसा काका. सातारा-सांगलीत तुमच्यागत विचारणारं गिऱ्हाईक मला महिन्यात एखादं मिळतं. लोक येतात, बेस आहे का विचारतात आणि जातात."

त्यानं मला खुर्चीत बसवलं. खिडकी लावली, पंखा बंद केला. कानावर पूर्ण बसणारे मोठे हेडफोन दिले आणि समोर तीन यंत्रं ठेवली. लेकीचं कार्ड पहिल्यात घातलं.

"ह्याचा बेस दणकट आहे," तो म्हणाला. मी ऐकलं.

"ह्याचा आवाज मोकळा आहे." मी दुसरं ऐकलं.

"आणि हे एकदम खरं. जसं गायलंय तसं." तिसरं ऐकलं.

तिन्ही मला सारखीच वाटली. पहिल्यात तबला थोडा जड होता, एवढाच फरक. पण दोघंही माझ्या तोंडाकडं बघत होते. मला काहीतरी सांगायला पाहिजे होतं.

"मंजिऱ्या न्हाईत," मी म्हटलं.

"कशात?"

"तिन्हीत."

मालकानं भुवया वर केल्या. त्यानं हेडफोन घेऊन स्वतः ऐकलं. डोळे मिटून ऐकलं. मग तो लेकीकडं बघत हळूच म्हणाला, "वाजतायत की."

लेकीनं हेडफोन घेतले. ऐकता ऐकता तिच्या तोंडावरचा भाव बदलत गेला, ते मी बघत होतो. तिनं ते गाणं पहिल्यांदाच असं नीट लक्ष देऊन ऐकलं असणार. ती म्हणाली, "आबा, वाजतायत. अगदी स्पष्ट वाजतायत."

तिनं खिशातला फोन काढला, तेच गाणं फोनच्याच आवाजावर लावलं आणि कानाशी धरलं. "ह्याच्यावर पण वाजतायत."

 मेढ्याचा जोडीदार, हा दुकानदार आणि आता लेक. तिघांनी मिळून माझी थट्टा करायचं काही कारण नव्हतं. पण माझ्या कानानंही मला आजवर कधी फसवलं नव्हतं. मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, "मंजिऱ्या म्हंजे काय ते म्हाईत हाय का तुला?"

ती खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. हेडफोनची एक बाजू तिनं माझ्या डाव्या कानाला लावली, दुसरी उलटी करून स्वतःच्या कानाला. मालकाला म्हणाली, पहिल्यापासून लावा. आणि माझं मनगट हातात धरलं.

हार्मोनियम वाजली. बासरी वाजली. तबला सुरू झाला आणि तिचं बोट माझ्या मनगटावर वाजायला लागलं.

"इथं," ती म्हणाली. "इथं. इथं. आता दोनदा. इथं."

बोट बरोबर पडत होतं. टेन्टमध्ये बसून ज्या जागा मी पाठ केल्या होत्या, त्याच त्या जागा. तिला त्या माहीत असायचं कारण नव्हतं, तिनं ते गाणं कधी असं ऐकलंच नव्हतं. आणि त्या बोटाखाली मला काहीही ऐकू येत नव्हतं. तबला, आणि बोट.

मी हेडफोन डाव्या कानावरून काढून उजव्याला लावला. तिनं परत लावायला सांगितलं. परत तसंच.

मालकानं पंखा चालू केला आणि आमच्यासाठी चहा सांगायला खाली गेला. त्याला तिथं थांबणं नकोसं झालं असावं. लेकीनं मनगट सोडलं नव्हतं. मी तिला विचारलं, "आता पण वाजत्यात?" ती म्हणाली, "नाही आबा, आता बाई गातायत. ते तर ऐकू येतंय ना?" मी हो म्हटलं. ते येत होतं.

यंत्र न घेताच आम्ही निघालो. स्टँडवर गाडीची वाट बघत बसलो तेव्हा ती एकेक विचारायला लागली. तोफा चालवताना कानात काय घालायचात? मी सांगितलं, कधी कापूस, कधी काहीच नाही. तोंड उघडं ठेवायचं आणि बोटं घालायची. पण ज्याच्या हातात काम आहे तो बोटं कशी घालणार? फायरिंग झालं की संध्याकाळपर्यंत कान वाजायचे. सगळ्यांचेच वाजायचे. सकाळी बरं वाटायचं. तेव्हा कुणी त्याचा विचार केला नाही, मीही केला नाही.

"रातकिडे ऐकू येतात तुम्हाला?" तिनं विचारलं.

"रातकिडे ऱ्हायल्यात कुठं आता? फवारण्या मारून मारून सगळे मेले."

"आबा," ती म्हणाली, "आपल्या रानात रातकिडे इतके ओरडतात की मला फोनवर बोलता येत नाही."

मी हे रातकिड्यांचं कितीजणांना सांगितलं होतं. पारावर सांगितलं होतं, सोसायटीत सांगितलं होतं. लोक मान डोलवायचे. माझ्या वयाची फौजी माणसं तर जास्तच डोलवायची. 

घरी आल्यावर लेकीनं आईला सगळं सांगितलं. बायको चुलीपुढं बसली होती, तशीच वळली. 

"म्हंजे मी हाक मारते ते ऐकू येत न्हाई तुमाला?"

"हाक येती. पुढचं येत न्हाई. तू पुटपुटतीस."

"मी पुटपुटते? आवं, अख्खी आळी म्हणती माझा आवाज चढा हाय." मग ती थांबली. "मला वाटायचं तुमी मुद्दामच वळत न्हाई. फौजेतनं आल्यापासनं असंच झालंय, म्हणून मी गप बसायला लागले."

 मला वाटायचं तिचं बोलणंच कमी झालंय, आणि तिला वाटायचं माझं ऐकणं. दोघंही एकमेकांचा स्वभाव बदलला असं धरून इतकी वर्षं एका घरात राहिलो. त्या दिवशी जेवताना ती समोर बसली, माझ्याकडं तोंड करून. आणि एकेक शब्द मोठ्यानं, लहान पोराला सांगावं तसा बोलायला लागली. "भा-जी वा-ढू?" मी म्हटलं, "अगं, एवढं नको."

साताऱ्याला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी एका लहान खोलीत बसवलं, हातात बटण दिलं आणि सांगितलं, आवाज आला की दाबायचं. सुरुवातीचे आवाज आले, मी दाबलं. मग बराच वेळ काही नाही. काचेतून बाई दिसत होत्या, त्या काहीतरी फिरवत होत्या, म्हणजे आवाज जात असणार. मला वाटलं नापास होतोय, म्हणून अंदाजानं दोन-तीनदा दाबलं. बाईंनी दार उघडून सांगितलं, "असं करू नका. आला तरच दाबा."

त्यांनी कागदावर रेघ दाखवली. डावीकडं सपाट, आणि मग कोयनानगरच्या पुढं घाट उतरतो तशी खाली गेलेली. बाई म्हणाल्या, जाड आवाज तुम्हाला चांगले येतात. बारीक आवाज गेलेत, आणि ते परत येणार नाहीत. मंजिऱ्या, पक्षी, बोलण्यातली स, श, थ असली अक्षरं. म्हणून बोलणं अर्धं कळतं.

मी त्यांना विचारलं, "मग आवाज चांगला देणारं यंत्र घेऊन उपयोग न्हाई?"

त्या म्हणाल्या, "गाण्याचं म्हणताय? ते मला सांगता येणार नाही. बोलणं कळायला कानातलं मशीन लावून बघा. पण हेडफोनचा आवाज मोठा करू नका. उरलंय ते सांभाळा."

त्यांनी वापरून बघायला एक मशीन दिलं, कानामागं बसणारं. ते लावून दवाखान्याच्या बाहेर आलो आणि दचकलो. रिक्षाचा आवाज, पिशव्यांचा आवाज, माझ्याच चपलांचा आवाज. कुणीतरी सगळीकडं कागद चुरगाळत चाललंय असं वाटत होतं. संध्याकाळी रानात गेलो तर एक किर्र आवाज कानात घुसला. मला वाटलं मोटरीचं बेअरिंग गेलं. धावत जाऊन मोटर बंद केली. आवाज तसाच. बायको मागून आली आणि म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "हा आवाज कसला?" तिनं कान दिला आणि म्हणाली, "कसला? रातकिडं हायत."

मग आता मंजिऱ्या येणार असं मला वाटलं. घरी येऊन फोनवर गाणं लावलं. आणि खरंच आल्या. तबल्याबरोबर, बरोबर त्या जागांवर आल्या. पण त्या मंजिऱ्या नव्हत्या. ताटलीत चमचे आपटावेत असा आवाज होता. आणि बाईंचा आवाज सुरू झाला तो तर ओळखू येईना. इतका गोड आवाज, तो पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा झाला होता. मी मशीन काढलं. बाई परत बाई झाल्या, मंजिऱ्या गेल्या. मशीन लावलं. मंजिऱ्या आल्या, बाई गेल्या. असं चार-पाचदा करून मी कंटाळलो आणि फोन बाजूला ठेवला.

लेकीला फोनवर हे सांगितलं. "ह्यातलं खरं कुठलं?" मी विचारलं.

ती मग म्हणाली, "आबा, तुमचा तो टेन्टमधला टेपरेकॉर्डर तरी चांगला होता का?"

नव्हता. त्याचा एक स्पीकर फाटलेला होता आणि थंडीत बॅटरी उतरली की गाणं हळू चालायचं. आम्ही बॅटऱ्या पोटाशी धरून गरम करायचो. म्हणजे मी जे पाठ केलंय ते फाटक्या स्पीकरमधलं, हळू चाललेलं गाणं. इतके दिवस मी खरा आवाज खरा आवाज म्हणून जे शोधत होतो, ते कुठल्याच दुकानात मिळणार नव्हतं. हे मला कळलं, पण कळून पुढं काय करायचं ते कळेना. यंत्र घ्यायचं की नाही घ्यायचं? आणि घ्यायचं तर कशावरून निवडायचं?

महिनाभर मी तो विषय सोडून दिला. कानातलं मशीन मात्र ठेवलं. बायकोशी बोलताना बरं पडत होतं. ती आता मोठ्यानं बोलायची थांबली होती, आणि सांगायला खूप काही साठलेलं असावं तशी दिवसभर बोलत होती.

मग सांगलीच्या दुकानदाराचा लेकीला फोन आला. नंबर तिनंच देऊन ठेवला होता. तो म्हणाला, काकांना घेऊन या, मी विचार केलाय. लेक परत रजा काढून आली आणि आम्ही परत सांगलीला गेलो. ह्या वेळी त्यानं गाण्याची चौकशी केलीच नाही. म्हणाला, "काका, मी इतकी वर्षं लोकांना सांगतोय की काही बदलू नका, जसं आहे तसं ऐका. पण तुमच्यासाठी ते बदलूनच ऐकावं लागेल असं वाटतंय. जमेल का नाही, मला खात्री नाही."

त्यानं तीच तीन यंत्रं मांडली, मधल्याच्या पडद्यावर आवाज कमी-जास्त करायच्या पट्ट्या उघडल्या, जाड डावीकडं, बारीक उजवीकडं, आणि उजवीकडच्या एकेक वर सरकवत गेला. मी कानातलं मशीन काढून हेडफोन लावले होते. सुरुवातीला काही फरक नाही. मग बाईंचा आवाज जरासा उजळला. आणखी वर नेल्यावर तबल्याच्या जागी काहीतरी टोचल्यासारखं झालं. मंजिरी म्हणता आली नसती. पण आधी तिथं काही नव्हतं आणि आता काहीतरी होतं. मी हात वर केला. तो थांबला. त्यानं हेडफोन घेऊन स्वतः ऐकलं आणि लगेच काढून टेबलावर ठेवले. तोंड वाकडं झालं होतं त्याचं.

"हे तुम्हाला बरं वाटतंय?" त्यानं विचारलं.

"बरं का काय ते म्हाईत न्हाई," मी म्हटलं. "पण मघापेक्षा जास्त हाय."

तीन यंत्रांतलं कुठलं घ्यायचं हा प्रश्न राहिलाच. पट्ट्या तिन्हीत होत्या. आवाजात मला तेव्हाही फरक कळला नाही. दुकानदार खऱ्या आवाजाचं घ्या म्हणाला, लेक मोकळ्या आवाजाचं म्हणाली. मी पहिलं उचललं, कारण त्याची बटणं जाड होती आणि चिखलाच्या हातानं, न बघता दाबता येत होती. दुकानदार जरा हिरमुसला. चांगल्या आवाजासाठी दोनदा सांगलीला आलेला माणूस बटणं बघून यंत्र घेतो, हे त्याला पटलं नसावं. मलाही पूर्ण पटलं होतं असं नाही. खाली उतरेपर्यंत वाटत होतं, परत जाऊन तिसरं घ्यावं का?

मेढ्याचा जोडीदार पुढच्या कॅन्टीनला भेटला. त्याला मी सगळं सांगितलं, आणि त्याच्यावर चिडलो होतो तेही सांगितलं. त्यानं माझं यंत्र कानाला लावलं आणि ताबडतोब काढलं.

"गड्या, हे बिघडलंय. पत्रा घासल्यागत वाजतंय."

"माझ्यासाठी तसं लावलंय."

त्यानं यंत्र माझ्या हातात परत दिलं. "मग ठीक हाय," म्हणाला, आणि मला उसाचा रस प्यायला घेऊन गेला.

तर यंत्र आहे, रोज वाजतं. ते चांगलं निवडलं की वाईट, मला आजही सांगता येत नाही. जुनं गाणं मी कमी लावतो. ते लागलं की मी ऐकण्यापेक्षा तपासायलाच लागतो, हे आलं का, ते गेलं का. लेकीनं कार्डावर तिच्या आवडीची नवी गाणी भरून दिलीयत. ती मी पूर्वी कधी ऐकलेली नाहीत, त्यामुळे त्यांच्यातलं काय गळलंय ते मला माहीत नाही.

परवा मोटर चालू करून बांधावर बसलो होतो, हेडफोन लावून. बायको जेवण घेऊन आली. समोर येऊन उभी राहिली, म्हणून दिसली. मी हेडफोन खाली घेतले आणि खिशातलं मशीन कानामागं बसवलं. ती तोवर थांबली.

"काय ऐकताय?" तिनं विचारलं.

"म्हाईत न्हाई. नवीन हाय कायतरी."

"चांगलं हाय का?"

"वाटतंय तरी," मी म्हटलं.

तिनं फडकं सोडलं आणि भाकरी माझ्या हातावर ठेवली.